धवलारिणीच्या दातांतली फट

ती हसली की पदर तोंडावर न्यायची नाही. त्या काळी बायकांचं दात दिसेपर्यंत हसणं ठाण्यात कोणाला रुचत नसे. ही मात्र जिभेचं टोक पुढच्या दोन दातांमधल्या फटीत घालून दाखवायची आणि म्हणायची, "बगा दादा, भाग्याला दार फुटलंय!"

मी तेव्हा ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधं कुटायची, बाटल्या भरायच्या आणि डॉक्टरसाहेबांचं म्हणणं रोग्यांच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. ती माजिवड्याची. तिथल्या आगरी घरांत लग्न लावायला भटजी नव्हे, धवलारीण लागे. हळदीपासून लग्न लागेपर्यंत ती धवले गाते, आणि गावदेवापासून खाडीपर्यंत सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण तिच्या गाण्यातूनच जातं. धवला मध्ये तुटला तर जोडप्याचं बरं होत नाही असं ती मानायची, आणि अख्खा मांडवही मानायचा.

तुम्ही म्हणाल, फटीचे दात असतात काही जणांचे. पण हिची फट जन्माची नव्हती. पहिल्यांदा खोकल्याचं औषध न्यायला आली तेव्हा तिचे दात एकमेकांना खेटून शहाण्यासारखे उभे होते. पुढे दाढ ठणकली म्हणून तिने ती बाजारातल्या वैदूकडून उपटून घेतली. जाळलेल्या तंबाखूची मिश्री तर सकाळ-संध्याकाळ दातांना चालूच होती. चाळिशी उलटल्यावर पुढचे दात बाहेर झुकू लागले आणि मधोमध फट पडली. गावाने लगेच अर्थ लावला की फटीचे दात म्हणजे भाग्य. त्याच सुमारास तिने लग्न लावलेल्या एका जोडप्याला वर्षाच्या आत मुलगा झाला, आणि त्या घरची वाहून गेलेली होडीसुद्धा सापडली. मग काय विचारता! दिवा गावापासून कल्याणपर्यंतचे लोक तिला न्यायला होड्या पाठवू लागले. "फटीची धवलारीणच पायजे," असा वरमायांचा हट्ट असे.

एकदा साहेबांनी तिचा घसा बघता बघता पुढचा दात बोटाने दाबला. तो हलला. साहेब गंभीर झाले.

"बाई, मोठ्या माणसाचा दातसुद्धा जन्मभर एका जागी नसतो," ते म्हणाले. "पंगतीत एक पान उठलं की शेजारचे ऐसपैस बसतात, तसं दाढ गेल्यावर झालंय. त्यात हिरड्या सुजल्यात, आतलं हाड झिजतंय. दात सैल झाला की जीभ ढकलील तिकडे जातो."

"पन दुखत नाय ना!"

"मिश्रीने हिरडी बधिर झालीय, दुखेल कशी? दात सरकताना दिसला, हिरडीतून रक्त आलं, घास चावताना वरखालचे दात पूर्वीसारखे जुळेनात, की दुखायची वाट न बघता यायचं. आता बसा. दातांवरचं किटण खरवडतो, सुटे दात तारेने बांधतो. मिश्री बंद करा आणि मिठाच्या गुळण्या करा."

ती उठलीच. "आता नाय. लगीनसराई सरू दे."

मी तिला दाराशी गाठलं. मिठागरांच्या गावात राहून मिठाची गुळणी करवत नाही का, म्हणून चांगलाच रागावलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मीठ इकाला असतं दादा, थुकाला नाय," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "आनी फट बुजली तर मना कोन बोलवील?"

तिचं घर त्या गळ्यावर चालायचं, आणि गळ्याला मान त्या फटीमुळे होता. लगीनसराया सरत गेल्या. दर खेपेला "ही सरू दे," आणि दर खेपेला फट थोडी रुंद.

माजिवड्यातल्या एका लग्नाला मी गेलो होतो. ती गात होती, शेजारी तिची सून साथीला होती. ऐन रंगात तिचा हात तोंडाकडे गेला आणि गालात काहीतरी फुगलं. सुनेने तिच्याकडे चमकून पाहिलं. पण गाणं थांबलं नाही. शब्दांतून वारा निसटत होता, ओठांच्या कडेला लाली आली होती. लोकांना ते पान वाटलं. मला कळलं. धवला पुरा करून, अक्षता पडल्यावर ती मांडवामागे आली आणि तळहातावर दात थुंकली.

मला तिचा असा राग आला, आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"धवला नाय तुटला ना, दादा?"

"नाही."

"मंग झाला."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात आली. शेजारचा दातही लोंबत होता, तो काढावाच लागला. बाकीचे साहेबांनी राखले. पण गाण्यातली हवा पुढून निसटायची ती निसटायचीच. ज्यांनी भाग्य म्हटलं होतं तेच आता म्हणू लागले, "दार उगडा रायला, भाग्य उडून गेला." होड्या यायच्या बंद झाल्या. ती सुनेला धवले शिकवू लागली. मांडवात सुनेमागे बसायची, मांडीवर ताल धरायची आणि हसू आलं की पदर तोंडाला लावायची. मला ते बघवत नसे.

एका पावसाळ्यात ती तापाने गेली. मला उशिरा कळलं.

लगीनसराई तोंडावर आली तेव्हा तिची सून दवाखान्यात येऊन बाकावर बसली. दिसायला ठणठणीत.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काय पन नाय."

"मग?"

"सासूबायनी जाताना सांगलाय. लगीनसराई लागाच्या आधी दात दाखवून ये, मंगच मांडवात बस."

तिने तोंड उघडलं. दात सरळ होते, हिरड्या स्वच्छ होत्या, मिश्रीचा डाग कुठे नव्हता. मी साहेबांना हाक मारली आणि गुळणीसाठी मिठाचं पाणी कालवायला घेतलं.