बँकेच्या भिंतीचा हिरवा रंग

आमच्या भागातल्या जुन्या बँकेत आता बँक नाही. डागडुजी करून तिथे वाचनालय आणि प्रदर्शनाचं दालन केलं आहे. दालनाच्या भिंती पिस्त्यासारख्या हिरव्या आहेत. याला जबाबदार मी.

काम चालू असताना हिंदी बोलणाऱ्या वास्तुतज्ज्ञ बाईंनी भिंत खरवडली, तर रंगाचे बरेच थर निघाले. मूळचा कोणता, हे विचारायला त्या आमच्याकडे आल्या, कारण बाबा तिथे कॅशियर होते. बाबा दुपारचे झोपले होते. त्यांना उठवायचं सोडून मीच डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणालो, "हरा. पक्का याद है।" पुढे आठवडाभर मी इतिहासाला हातभार लावल्याच्या ऐटीत वावरलो.

उद्घाटनाला बाबांना घेऊन गेलो. आत शिरताच ते म्हणाले, "अरे, हा रंग कुणाच्या डोक्यातून निघाला?"

तेवढ्यात बाई पुढे आल्या. "काकाजी, वैसा ही है न? आपके बेटे ने ही बताया था।"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"बिल्कुल वैसा ही," बाबा म्हणाले.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "पिवळा होता. चुन्यात पिवडी कालवून लावायचे. हिरवा तर समोरचा दवाखाना. इंजेक्शनच्या भीतीनं तिथल्या भिंतीला चिकटून बसायचास तू."

"उद्याच जाऊन सांगतो त्यांना."

"म्हणजे मला खोटा पाडतो का आता?"

अपराधीपणाचा मला सराव आहे. कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो. त्यामुळे हे पोटात ठेवणं जमेना. इकडे बाबा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून रोज तिथे पेपर वाचायला जायला लागले. निवृत्तीनंतर एवढे खुशीत ते कधी दिसले नव्हते.

परवा बाई दालनात आल्याचं कळलं, तेव्हा शेवटी मी त्यांना सांगायला गेलो. बाबा सांवेर गावाहून आलेल्या शिक्षकांना भिंत दाखवत होते. "शुरू से यही रंग था। ठंडक रहती थी, ग्राहक झगड़ते नहीं थे।" एक शिक्षक ते लिहूनही घेत होते.

"कुछ काम था, भैया?" शेजारी उभ्या बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "ये मेरा बेटा। इसने भी देखा है, पूछ लो।"

सगळे माझ्याकडे वळले. बाबाही. ते हसत होते, पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता.

"हाँ," मी म्हणालो, "हरा ही था।"