रानात बॅटरी पुरंल का?

वडवणीच्या अलीकडं मेंढ्या थांबवून एक मेंढपाळ बाई हॉटेलात बटणाचा फोन चार्ज करत होती. बॅटरी काढून तिच्यावरचा '1000 mAh' हा आकडा मला दाखवत म्हणाली, "दादा, हे किती झालं?"

मी तिथं एसटीची वाट बघत बसलेला, कधीकाळचा सायन्सवाला. मला चेवच आला. "हजार मिलिअँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर-तास. तासाचे सेकंद छत्तीसशे, म्हणून छत्तीसशे कूलोम विद्युतभार!" घरी माझं एवढं कुणी ऐकून घेत नाही.

तिनं मान डोलावत सगळं ऐकलं. "लई हायेत की! पर लेक अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंतपणाला गेलीय. रानात लाईट न्हाई. तिचा फोन येईस्तोवर पुरंल का?"

हे गणित मला येईना. समोरून माझी एसटी निघून गेली. आम्ही दोघं त्या फोनकडं बघत बसलो, मेंढ्या कुणाच्यातरी ज्वारीत शिरेपर्यंत.