फ्लेक्सवर झालेली निवृत्ती

परभणीच्या डॉक्टरांकडून परत येऊन मानवतच्या स्टँडवर उतरले, तर समोर माझाच फोटो. शेजारी आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचा, आणि दोघांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘सेवापूर्ती गौरव सोहळा’. सरांचं ठीक होतं. त्यांचं वय झालं होतं, महिनाअखेरीस ते शाळेतून निवृत्त होणार होते. मी तिशी नुकतीच ओलांडलेली. बास्केटबॉलच्या जोरावर पुण्यात नोकरी मिळालेली, त्याच कार्यालयाच्या संघातून खेळणारी. गुडघ्याला पट्टा बांधून, एमआरआयची पिशवी काखेत धरून मी त्या फ्लेक्सखाली उभी राहिले. आपण निवृत्त झालो, हे मला तिथं कळलं.

हा उद्योग आमच्या गल्लीतल्या काकांचा. गावात मंडप कुठलाही असो, त्याचा पहिला बांबू काकांच्या देखरेखीखालीच रोवला जातो. तशीच लंगडत त्यांच्या दारात गेले.

“अगं, मंडप तोच, पाहुणे तेच, खुर्च्या त्याच,” काका म्हणाले. “सरांचा सत्कार व्हायलाच हाय. तुझा पाय बी गेला. म्हणलं दोघांचं एकदाच उरकून घेऊ. पुन्हा कोण जमवाजमव करतंय?”

“काका, पाय गेला नाही. मी अजून काहीच ठरवलेलं नाही.”

“मग ठरव की. कार्यक्रम रविवारी हाय.”

आमच्याकडे एकाच मांडवात दोन लग्नं लागतात, तशी ही निवृत्ती लागणार होती. फक्त दुसऱ्या नवरीला कुणी विचारलं नव्हतं.

सामन्यात उडी मारून खाली येताना गुडघा फिरला होता आणि आतला लिगामेंट तुटला होता, म्हणून रजा टाकून गावी आले होते. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. ऑपरेशन करून नेटानं व्यायाम केला तर पुन्हा खेळता येईल. खेळायचं नसेल तर एवढा खटाटोप नको. रोजचं चालणं-फिरणं तसंही जमेल, आणि कार्यालयातली खुर्ची होतीच. म्हणजे निर्णय माझ्यावर आला. तेच नको होतं. भेटायला येणारे डाळिंबं आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येत आणि जाताना निकाल देऊन जात. निम्मे म्हणत, बास झालं आता, संसाराचं बघ. उरलेले म्हणत, तू थांबलीस तर तालुक्याचं नाव कोण काढणार? मी दोघांनाही चहा देत होते. पुण्याहून प्रशिक्षकांचा फोन आला की स्क्रीनकडे बघत बसायची आणि तो वाजायचा थांबला की बरं वाटायचं.

रविवारी गेले. न जाऊन सरांचा कार्यक्रम नासवायचा नव्हता.

शाळेचं मैदान होतं तसंच होतं, मुरमाचं. रिंग एकाच बाजूला, तीही बिनजाळीची. या मैदानावर सरांचा एकच कायदा होता : बसायचं नाही. चकरा मारून जीव जाईल असं वाटलं तरी दम उभ्यानंच घ्यायचा. जो टेकला, त्याला आणखी एक चक्कर. आम्ही मुली गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभ्या राहायचो आणि एकमेकींकडे बघत सरांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो. त्याच कायद्याच्या जोरावर मी पुण्यापर्यंत पोचले, हेही खरंच.

शाल, श्रीफळ, हार झाले. पाहुणे माझ्या ‘उज्ज्वल कारकिर्दीला’ पूर्णविराम देऊन खाली बसले. मग सर उठले आणि माइक धरून म्हणाले, “निवृत्त मी होतोय. ही होत नाही. ही थांबणारी पोरगी न्हाई, हिला मी घडवलंय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनीही वाजवल्या. सरांनी कुणाला तरी चेंडू आणायला सांगितला. मी दुखऱ्या पायावर भार न देता, शाल खांद्यावर तशीच ठेवून चेंडू टाकला. तो रिंगमधून आरपार गेला.

लोक उभे राहिले. सरांचे डोळे भरले. मला मात्र एकच गोष्ट जाणवली, चेंडू घरंगळत माझ्याकडे परत येत होता आणि तो मला नको होता. आनंद नाही, दुःखही नाही. नुसता कंटाळा आला होता, हाडापर्यंत.

घरी आल्यावर आईनं पट्टा सोडला, बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली. दुखतंय का, असं तोवर सगळ्यांनी विचारून झालं होतं. आईनं विचारलं, “दमलीस का गं?”

“हो.”

“आज लय उभं केलं त्यांनी.”

“आजचं नाही, आई. लय दिवसांपासून दमलेय. पाय मोडायच्या आधीपासून.”

तिनं घसरलेली बर्फाची पिशवी नीट बसवली. मग म्हणाली, “तर तसं सांग की. गुडघ्याच्या नावावर कशाला ढकलायलीस?”

मला राग आला, कारण तिनं बरोबर पकडलं होतं. मैदानावर पडले तेव्हा दुखण्याच्याही आधी मनात ‘सुटले’ असं आलं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी पहिला फोन सरांना केला. प्रशिक्षकांना सांगणं सोपं होतं, सरांना नव्हतं.

“सर, मी थांबतेय.”

“गुडघा लय दुखायलाय का?”

“नाही सर. गुडघा बरा होईल. मी दमलेय.”

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. नोकरीचे शेवटचे चार दिवस राहिलेले, तरी सर सकाळी मैदानावरच होते. त्यांनी शिट्टी मारली, गलका थांबला.

“बस मग,” सर म्हणाले. “बस बाळा आता.”

मी ओट्यावर बसले आणि मोठ्यानं रडले.