एका नळीवर

त्या दिवशी मी सासूबाईंसोबत जरीपटक्याच्या बाजारात पडद्याचं कापड बघत होते. पाळी थोडी लांबली होती, पण दिवस गेले असतील असं मनातही आलं नव्हतं. अचानक ओटीपोटात डावीकडे अशी कळ आली, की मी दुकानातल्या गादीवर आडवीच झाले. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. दुकानदाराने समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

गर्भ पिशवीत न रुजता नळीत वाढत होता आणि नळी फुटली होती. नवरा कन्हानकडे कोळसा खाणीत ड्यूटीवर होता. तो येईपर्यंत ऑपरेशन सुरूही झालं होतं. शुद्धीवर आले तेव्हा गर्भ गेला होता आणि डावी नळीही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डावी गेली, पण उजवी चांगली आहे. काही महिने थांबा, मग पुन्हा प्रयत्न करा." मला त्यातलं 'गेली' एवढंच ऐकू आलं.

घरी आल्यावर मावससासूबाई भेटायला आल्या. चहा पिता पिता माझ्यासमोरच त्या सासूबाईंना म्हणाल्या, "एका नळीवर कसं होईन वं लेकरू? पोराचा विचार करून ठेव आतापासून."

सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या, बोलणं मोजकं. त्यांनी कप खाली ठेवला. "पोराचाच विचार करून राहिली मी. त्याची बायको जित्ती घरी आली. मले अजून काय पाहिजे?"

पुढे चहा गारच झाला. मला मात्र त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

डॉक्टरबाईंनी हो म्हटल्यावर प्रयत्न सुरू झाले. दर महिन्याला सोनोग्राफी करून अंडं कुठल्या बाजूच्या अंडाशयात वाढतंय ते बघायचं. उजवीकडे दिसलं की आमची आशा वाढायची, आणि पाळी आली की मी बाथरूमचा नळ सोडून रडून घ्यायची. एकदा ते पुन्हा डावीकडे दिसलं. मी साडी सावरत म्हटलं, "म्हणजे हाही महिना वाया."

"असं कोण म्हणालं?" डॉक्टरबाई हसल्या. "नळी एका जागी खिळलेली नसते. उजवी नळी कधी कधी डावीकडचं अंडंही उचलते."

मला ते समजूत घालण्यापुरतं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टर आहे ना वं त्या, खोटं काहून बोलतील?"

त्याच महिन्यात मला दिवस राहिले. पण आनंद करायची हिंमत कुणातच नव्हती. गर्भ कुठे आहे हे कळेपर्यंत आम्ही तिघंही घरात दबक्या आवाजात बोलत होतो. तपासणीच्या वेळी मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाईंनी माझ्या हातावर थोपटलं. "बघा तरी. पिशवीतच आहे. आणि अंडं आलंय डावीकडूनच, त्याची खूण अजून दिसतेय."

पडद्यावर राखाडी रंगात एक काळा ठिपका होता. मी तो बघतच राहिले.

बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. "कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"जागेवर आहे, आई."

त्या तिथेच बाकावर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मुलगी आता शाळेत जाते. मनीषनगरच्या आमच्या घरात तिचा आवाज सकाळपासून असतो. तपासणीला माझ्याशेजारी बसणाऱ्या एका बाईच्या दोन्ही नळ्या चांगल्या होत्या. तिला अजून मूल नाही. कधी बाजारात भेटली की ती माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवते. आपल्याला मिळालं ते आपल्या कर्तबगारीने नाही, हे मला तेव्हा फार लख्ख कळतं.