कुंकू लागलेलं बटण

वहिनी गेल्याचा निरोप भांडी धुण्याच्या मशीनने दिला असं म्हटलं, तर लोक मला वेड्यात काढतील. पण झालं तसंच. भांडी धुऊन झाली की ते मशीन टीं टीं वाजायला लागतं आणि कुणी दार उघडेपर्यंत थांबत नाही. त्या दुपारी ते वाजतच राहिलं, म्हणून माझे थोरले बंधू अण्णा ओसरीवरून कुरकुरत आत गेले. वहिनी मशीनशेजारच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या... अण्णांनी आधी दार उघडून आवाज थांबवला आणि मग त्यांना हाक मारली.

गेवराईच्या घरात हे मशीन आणलं दुष्काळाने. गाव टँकरवर जगत होतं, ताटं राखेने घासून फडक्याने पुसायची वेळ आली होती. वहिनी दूध सोसायटीच्या सचिव. शीतकरण केंद्रात दुधाचे कॅन गरम पाण्याच्या फवाऱ्याने थोडक्या पाण्यात लख्ख होतात, हे त्यांनी पाहून ठेवलेलं. पुण्यातली लेक मनीषा आपलं जुनं डिशवॉशर काढून टाकणार म्हटल्यावर वहिनींनी ते दुधाच्या टेम्पोत घालून घरी आणलं. गल्लीभर हसू झालं. मीही संधी सोडली नाही. "वहिनी, आता भाकरी थापायचंही मशीन बघा!"

"हसा भावजी, लई हसा. आमी घासाय बसलो की बादल्यावर बादल्या जात्यात. हे एका बादलीत भागवतंय." आणि ती बादलीही वाया जात नसे. वहिनी मशीनचा पाइप मोरीत न सोडता बादलीत सोडत आणि ते पाणी संडासाला वापरत.

दर दसऱ्याला सोसायटीतल्या फॅट मोजायच्या मशीनची पूजा आटोपून त्या घरी येत आणि ओल्या बोटाने ह्या मशीनच्याही सुरू करायच्या बटणाला हळदकुंकू लावत. मी आयटीआयमध्ये जन्मभर वायरिंग शिकवलेला माणूस. "वहिनी, बटणात पाणी जाईल हो," असं कळवळून सांगायचो. "ज्याला रोज हात लावावा, त्यालाच लावायचं असतंय," असं त्या ठणकावत. अशा बाईपुढे कोण काय बोलणार! मला त्यांची फार आठवण येते, हे इथेच सांगून टाकतो.

चौदावं झालं आणि मशीन आपोआप सुरू व्हायला लागलं. दुपारी गेलेली लाइट आली की, कुणी हात न लावता. मनीषाला वडिलांना पुण्याला न्यायचं होतं, पण अण्णा उंबरा सोडेनात. म्हणाले, "ती रोज दुपारी येतीया. कुलूप बघून माघारी जाईल." शेवटी मनीषाचा मला फोन आला. "काका, ते मशीन एकदाचं बंद करा. बाबा तिथं एकटे खंगत चाललेत."

गेलो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अचानक पंखा फिरायला लागला, आणि स्वयंपाकघरात टीं करून दिवा लागला, आत पाणी पडायला लागलं. अंगावर सर्रकन काटा आला... खोटं कशाला बोलू? मी मशीन थांबवून दार उघडलं. आत दोन ताटं होती आणि दोन्हींना पिठलं लागलेलं होतं.

"अण्णा, दुसरं कुणाचं?"

"कावून? तिचंच की."

प्लग काढला, दारावरची पट्टी उघडली, मीटर लावला. सुरूचं बटण न दाबताच दाबल्यासारखं दाखवत होतं. वर्षानुवर्षांचं ओलं हळदकुंकू कडेच्या फटीतून आत झिरपून वाळलं होतं. वरून बटणावर वहिनींच्या बोटाचा ठसा तसाच होता. इतकं साधं कारण! हायसं वाटलं, आणि वाईटही वाटलं. बटणांची अख्खी फळीच मशीन चालवणाऱ्या आतल्या कार्डापासून सोडवली आणि प्लग परत लावून पाहिला. मशीन गप्प. नवी मिळाली की बसवतो, असं अण्णांना खोटंच सांगितलं. ते माझ्या हातातल्या फळीकडे बघत होते.

"न्यायची तर ने, बाळू. पर तेवढं पुसू नको."

काल दुपारी अण्णांचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी खुलला होता. "बाळू, आली रे." मागे बादलीत पाणी पडत होतं.

"कार्डात ओल गेली असेल, अण्णा. बटणांशिवायही कार्ड कधीकधी चुकून मशीन चालू करतं," मी म्हणालो. हे खरं आहे, मी पोरांना शिकवलेलं आहे. अण्णा नुसतेच हं म्हणाले. मग तिकडे टीं टीं सुरू झालं. वाजलं, वाजलं... आणि थांबलं.

"दार उघडलंत का?"

"मी? मी तर हितं ओसरीवर बसलोय."

मग अण्णा म्हणाले, "मनीला सांग, मी येत न्हाई."

बटणांची फळी माझ्या टेबलावर आहे, वहिनींच्या बोटासकट. ती मी पुसलेली नाही. संध्याकाळी मनीषाला फोन करून सांगितलं, अण्णांना तिथेच राहू दे.