माइक बंद पडला तेव्हा

बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला, त्या वर्षी मी दिग्रसमध्ये घरी बसून शेतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होते. बोंडअळीवरच्या माझ्या सादरीकरणाच्या दिवशी पहिली स्लाइड दिसली आणि लॅपटॉपचा माइकच बंद पडला. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात करू या."

मी चॅटमध्ये लिहिलं, "नको सर, लिहून सांगते." घाबरायचं कारण नव्हतं, स्लाइडवरचे फोटो आमच्याच शेतातले होते.

स्लाइड सरकवत मी टाइप करत गेले. थोरली जाऊ शेजारी बसून आलेले प्रश्न मोठ्यानं वाचत होती. एकानं विचारलं, "अळी बोंडाच्या आत असते, मग ती आली हे आधी कसं कळतं?"

"थांबली काहून?" जाऊ म्हणाली. "सांग त्याइले, डोमकळी पाह्यची. फूल पुरं उमलत नाही, गुलाबाच्या कळीवानी मिटून राह्यते."

मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि खाली जोडलं, "हे उत्तर माझ्या जावेचं. शेत तीच पाहते."

सरांनी लगेच लिहिलं, "आम्हाला त्यांना अजून विचारायचं आहे." मग अर्धा तास ती सांगत होती आणि मी टाइप करत होते. पुढच्या तुकडीत तिनं स्वतःचं नाव नोंदवलं.