कडुलिंबाखालचं मडकं

ते प्रकरण आठवलं की आजही आधी हसू येतं, मग अंगावर काटा येतो.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता. मी ठाणेदार होतो त्या किला गेटच्या ठाण्यात नव्या टोप्या आल्या होत्या, शिक्का मात्र जुनाच होता. एका सकाळी निनावी चिठ्ठी आली: "अमक्या फौजी घरात दाईनं सुनेचा गर्भ पाडला. गर्भाचं मडकं कडुलिंबाखाली, हातभर खोल. गर्भामागची वार अजून पडलेली नाही. उशीर करू नये."

पोलिसांना उशीर करू नका म्हणणारा खबऱ्या मी पहिल्यांदाच पाहिला.

पंच घेऊन गेलो. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "आमच्या इथं काही झालं नाही!" दाई मागून म्हणाली, "साहेब, इकडे खोदा. नाही, थोडं डावीकडे." आरोपीच जागा दाखवतोय म्हटल्यावर हवालदाराची कुदळ हवेतच थांबली.

मडकं निघालं. पंचांनी नाकाला रुमाल लावले. दाई म्हणाली, "पंचनाम्यात लिहा, यात वार नाही."

"मग कुठे आहे?"

"सुनेच्या पोटात. तिसऱ्या महिन्यात गर्भ आपोआप गेला, वार आत चिकटून बसली. तीन दिवस झाले, अंगावरून खून जातोय, थांबत नाही."

मी आत डोकावलो. पोरगी चुन्यासारखी पांढरी पडली होती. खरं सांगतो, मी घाबरलो.

सासूबाई म्हणाल्या, "आमची सून अस्पतालात जात नाही."

"आता ती तपासातली बाई आहे," मी आवाज चढवला. "वैद्यकीय तपासणीशिवाय पंचनामा पुरा होत नाही. सही करताय की ठाण्यात येताय?" डॉक्टरला न जुमानणाऱ्या सासूबाई पंचनाम्याला घाबरल्या. टांगा निघाला.

डॉक्टरीणबाईंनी वार काढली आणि पोरगी वाचली. गर्भ आपोआपच गेला होता, असंही त्यांनी लिहून दिलं. "इतक्या कमी दिवसांच्या गर्भाची वार अशी घट्ट चिकटलेली क्वचितच दिसते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ झाली असती तर बाई हाती लागली नसती."

तेव्हा मला चिठ्ठी आठवली. वार पडली नाही हे शेजाऱ्याला कसं कळणार? दाईला ठाण्यात बोलावलं.

"मीच कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहवून घेतली," ती म्हणाली. "सासूबाईंच्या पाया पडले, ऐकेनात. डॉक्टरला त्या दारातून परत पाठवतात. तुम्हाला कसं पाठवतील? म्हणून गर्भ पाडल्याचा गुन्हा माझ्याच माथी लिहवला."

"अन् तुलाच शिक्षा झाली असती तर?"

"बाई तर वाचली असती ना."

नोकरीभर मी लोकांकडून कबुली काढत आलो, पण कायदा कशासाठी असतो ते मला त्या अंगठेबहाद्दर बाईनं शिकवलं. खोटी खबर देणं गुन्हा आहे. मी अहवालात लिहिलं, "खबर देणाऱ्याचा शोध लागला नाही," आणि तिच्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला.